मध्यकर्णाचे विकार आणि रुचिसंवेदना

मध्यकर्ण म्हणजे कानाचा पडदा आणि अंतर्कर्ण यांच्या मधली, हवेने भरलेली लहानशी पोकळी. ध्वनीचे वहन हे तिचे मुख्य कार्य असले, तरी जिभेच्या पुढील भागाची चव मेंदूकडे नेणारा कोर्डा टिम्पनी नावाचा मज्जातंतू याच पोकळीतून जातो. त्यामुळे कान दीर्घकाळ वाहणे, मध्यकर्णातील हाड सडणे, पडद्याची किंवा अस्थिसाखळीची शस्त्रक्रिया होणे अशा कारणांनी रुग्णाच्या चवीत बदल होऊ शकतो. जेवण सपक लागणे, तोंडात सतत धातूसारखी चव राहणे, जिभेची एक कड बधिर वाटणे आणि तोंडाला कोरड पडणे या त्यातील नेहमीच्या तक्रारी आहेत. कान आणि जीभ यांचा असा संबंध असतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्यामुळे ही लक्षणे पोटाच्या विकाराची, अशक्तपणाची किंवा औषधांची समजली जातात आणि कानाच्या डॉक्टरांपुढे सांगितलीच जात नाहीत.

मज्जातंतूचा मार्ग

कोर्डा टिम्पनी ही चेहऱ्याच्या मज्जातंतूची, म्हणजेच सातव्या कपालतंत्रिकेची, एक शाखा आहे. लॅटिनमधील या नावाचा शब्दशः अर्थ 'नगाऱ्याची दोरी' असा होतो आणि तो अगदी समर्पक आहे. कानाचा पडदा हा नगारा मानला, तर हा तंतू त्याच्या मागच्या बाजूने, वरच्या भागात, ताणलेल्या दोरीसारखा आडवा गेलेला दिसतो.

चेहऱ्याचा मज्जातंतू कानामागील मॅस्टॉइड हाडातून खाली उतरत असताना ही शाखा त्याच्यापासून निघते. हाडातील एका बारीक नळीतून ती मध्यकर्णात शिरते. मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन अस्थिकांची साखळी असते. तंतू ऐरणीच्या लांब भुजेच्या बाहेरच्या बाजूने आणि हातोडीच्या मानेच्या आतल्या बाजूने पुढे जातो. येथे त्याला हाडाचे संरक्षण नसते. श्लेष्मल त्वचेच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला हा तंतू जवळजवळ उघडाच असतो आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या उघडेपणात आहे. पुढच्या भिंतीतील फटीतून कवटीबाहेर पडल्यावर तो जिभेच्या मज्जातंतूला जाऊन मिळतो. हा जिभेचा मज्जातंतू पाचव्या कपालतंत्रिकेची शाखा असून स्पर्श, उष्णता आणि वेदना यांचे वहन करतो. चवीचे आणि स्पर्शाचे तंतू येथून एकाच आवरणातून जिभेपर्यंत जातात, पण त्यांची कामे वेगळीच राहतात.

कोर्डा टिम्पनीमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. एका प्रकारचे तंतू जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेतात. दुसऱ्या प्रकारचे तंतू मेंदूकडून येणारी आज्ञा जबड्याखालील आणि जिभेखालील लाळग्रंथींना पोहोचवतात. आपण काहीही खात नसताना तोंड ओले ठेवणाऱ्या लाळेचा मोठा वाटा जबड्याखालील ग्रंथींचा असतो. म्हणूनच या तंतूला इजा झाली की चवीबरोबर कोरडेपणाचीही तक्रार येते.

जिभेच्या मागील एक-तृतीयांश भागाची चव नवव्या कपालतंत्रिकेकडे असते. टाळूवरील चव सातव्या तंत्रिकेच्याच दुसऱ्या शाखेकडे आणि घशाच्या तळाकडील चव दहाव्या तंत्रिकेकडे असते. हे सर्व तंतू मेंदूच्या खोडातील एका केंद्रात एकत्र येतात, तेथून थॅलॅमसकडे आणि शेवटी मेंदूच्या बाह्यकातील रुचिक्षेत्राकडे जातात. एक वाट बंद झाली तरी बाकीच्या उघड्या राहतात. कानाच्या एका शस्त्रक्रियेने माणूस चवीला पूर्णपणे पारखा होत नाही, याचे कारण हेच.

जिभेच्या नकाशाचा गैरसमज

गोड चव जिभेच्या टोकावर, कडू मागे आणि आंबट-खारट कडांवर कळते, असा नकाशा अनेक पिढ्यांनी शाळेत गिरवला आहे. तो चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत किंचित फरक असल्याचे दाखवले होते. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ती माहिती आलेखरूपाने मांडली. त्या आलेखाचा अर्थ 'प्रत्येक भागाला एकच चव' असा लावला गेला आणि तो नकाशा पाठ्यपुस्तकांत रुजला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या प्रत्येक भागाला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाचही चवी कळतात. उमामी ही पाचवी चव जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखली. मांसाच्या किंवा डाळीच्या कढणाला येणारा भरीव चवदारपणा म्हणजे ही चव, असे ढोबळपणे म्हणता येईल.

प्रस्तुत विषयात हा गैरसमज दूर होणे महत्त्वाचे आहे. 'टोकाची चव गेली, म्हणजे फक्त गोड कळणार नाही' असा तर्क रुग्ण करतात. पण कोर्डा टिम्पनीला इजा झाल्यास त्या बाजूच्या पुढील भागात सगळ्याच चवी मंदावतात.

कटु, तिक्त आणि तिखट

आयुर्वेदात मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले आहेत. यातील दोन शब्दांचा मराठीतील प्रवास मोठा गमतीचा आहे. संस्कृतातील 'कटु' म्हणजे मिरी-सुंठीसारखे झोंबणारे, तर 'तिक्त' म्हणजे कडुनिंब-कारल्यासारखे. मराठीत 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द कारल्याकडे गेला आणि झोंबणाऱ्या रसासाठी 'तीक्ष्ण'पासून आलेला 'तिखट' रूढ झाला. जुने ग्रंथ वाचताना हा बदल ध्यानात ठेवला नाही, तर कारल्याचे गुण मिरचीला चिकटतात.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञान तिखटाला चवीत धरत नाही. मिरचीतील कॅप्सेइसिन हे द्रव्य उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील ग्राहकाला चेतवते. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत विभागून मिळाले. तिखटाची संवेदना पाचव्या कपालतंत्रिकेतून जाते आणि ही तंत्रिका मध्यकर्णातून जात नाही. म्हणून कोर्डा टिम्पनी पूर्णपणे तुटली तरी मिरची झोंबतेच.

कोल्हापूरसारख्या, तिखट जेवणासाठी ख्यात असलेल्या जिल्ह्यात यामुळे फसगत होण्याचा संभव आहे. कांदा-लसणाची चटणी घातलेला तांबडा रस्सा समोर आला की जीभ भाजते, नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि 'चव लागते' असे समाधान मिळते. मसाल्याचा वास नाकाला कळतो, झणका पाचव्या तंत्रिकेला कळतो आणि मिठाची उणीव मात्र लपून जाते. पांढऱ्या रश्शाचे तसे नाही. मटणाचे आळण, नारळाचे दूध, तीळ-खसखस यांवर उभा असलेला हा पदार्थ तुलनेने सौम्य असतो आणि मीठ व उमामी यांच्यावर अधिक अवलंबून असतो. चवीतील फरक आधी जाणवायचा, तर तो अशा पदार्थांत: पांढरा रस्सा, वरण-भात, ताक, भाकरी. 'तिखट कळते, पण वरण अळणी लागते' ही तक्रार डॉक्टरांच्या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे.

याच ठिकाणी चव आणि स्वाद यांतील भेदही सांगायला हवा. सर्दी झाली असता जेवण बेचव लागते, ते बहुधा वास न आल्यामुळे. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागून नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेच्याच खात्यावर जमा करतो. 'चव गेली' म्हणणाऱ्या पुष्कळ रुग्णांचा मूळ दोष घ्राणेंद्रियात असतो. कानाच्या विकारात मात्र वास शाबूत असतो. गूळ, मीठ आणि चिंच यांची शुद्ध चव तेवढी कमी होते.

मध्यकर्णाचे प्रमुख विकार

मध्यकर्ण घशाच्या मागील भागाशी यूस्टेशियन नलिकेने जोडलेला असतो. लहान मुलांत ही नलिका आखूड, रुंद आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी-पडशाचे जंतू सहज कानात पोहोचतात. कान दुखतो, ताप येतो, पडद्यामागे पू साचतो आणि कधी पडदा फाटून तो बाहेर येतो. ग्रामीण बोलीत याला 'कान फुटणे' म्हणतात. अशी छिद्रे बहुधा आपोआप भरून येतात. ती न भरता कान पुन्हा पुन्हा वाहू लागला, तर तो दीर्घकालीन पूयुक्त मध्यकर्णदाह होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार जगातील ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात. ज्या देशांत या विकाराचे प्रमाण लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहून अधिक आहे, अशा सर्वोच्च गटात त्या अहवालाने भारताचा समावेश केला आहे. दाटीची घरे, कुपोषण, वारंवार होणारी सर्दी, धुराच्या चुली, बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजणे आणि उपचारांतील दिरंगाई ही त्याची परिचित कारणे आहेत. कानात कोमट तेल सोडणे, लसणाचे तेल टाकणे, काडी किंवा केसातील पिन घालून कान कोरणे या घरगुती सवयींनी पडद्याला छिद्र असलेल्या कानाचे नुकसानच होते. विहिरीत किंवा नदीत पोहल्यानंतर वाहणारा कान हा पुष्कळदा पाण्याने नव्याने झालेला रोग नसून, आधीच्या छिद्रातून पाणी आत गेल्याचा परिणाम असू शकतो.

या विकाराचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात पडद्याच्या मुख्य, ताणलेल्या भागाला छिद्र असते आणि स्राव पातळ, बिनवासाचा असतो. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या भागातून त्वचा आत ओढली जाऊन तिची पिशवी तयार होते आणि तीत मृत त्वचेचे थर साचत जातात. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नावावरून गाठीचा भास होत असला तरी हा कर्करोग नव्हे. मात्र तो आजूबाजूचे हाड कुरतडत जातो. थोडा पण दुर्गंधीयुक्त स्राव हे त्याचे ठळक लक्षण आहे. चक्कर, चेहरा वाकडा होणे आणि मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचणे अशा गंभीर गुंतागुंती त्यातून उद्भवू शकतात. ही पिशवी वाढते ती बहुधा पडद्याच्या वरच्या-मागच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी कोर्डा टिम्पनीच्या वाटेवर.

रोगामुळे चवीवर होणारा परिणाम

शस्त्रक्रियेआधीच चव कमी झालेली असू शकते, ही बाब बराच काळ दुर्लक्षित राहिली. जिभेवर सूक्ष्म विद्युत्प्रवाह देऊन केलेल्या मोजणीत, दीर्घकाळ कान वाहणाऱ्या रुग्णांच्या त्या बाजूची जीभ दुसऱ्या बाजूपेक्षा मंद असल्याचे आढळते. पू आणि जंतूंची विषद्रव्ये यांच्या सततच्या संपर्काने उघडा तंतू सुजतो व हळूहळू क्षीण होतो. कोलेस्टिॲटोमात तर तो कधी कधी पिशवीत पूर्णपणे गुरफटलेला सापडतो.

रुग्णाला हे का कळत नाही? एक तर ऱ्हास वर्षानुवर्षे चाललेला असतो. दुसरे, जिभेची दुसरी बाजू आणि मागचा भाग काम करतच असतात. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. चव कोठून आली हे मेंदू स्पर्शावरून ठरवतो. घास जेथे जेथे जिभेला लागतो तेथे तेथे चव आहे असे वाटते, मग त्या ठिकाणच्या रुचिकलिका निकामी असल्या तरीही. त्यामुळे अर्ध्या जिभेला चव नाही हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या लिंडा बार्टोशुक यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार कोर्डा टिम्पनीचे संदेश मेंदूत इतर रुचितंतूंना काही प्रमाणात आवरून धरतात. हा आवर सुटला की जिभेच्या मागच्या भागाची संवेदना तीव्र होते आणि कधी तोंडात काहीही नसताना चव जाणवू लागते. कानाच्या रुग्णांना लागणारी धातूसारखी किंवा कडवट 'आभासी चव' यावरून समजू शकते. बालपणी वारंवार कान फुटलेल्या व्यक्तींना पुढे स्निग्ध व गोड पदार्थ अधिक आवडतात आणि त्यांच्यात वजनवाढीचे प्रमाण अधिक दिसते, असा संबंधही त्यांनी व इतर संशोधकांनी दाखवला आहे. हा संबंध सांख्यिकीय आहे. कान फुटलेले प्रत्येक मूल लठ्ठ होते असा त्याचा अर्थ काढणे चूक ठरेल.

कानाच्या शस्त्रक्रिया आणि कोर्डा टिम्पनी

पडद्याचे छिद्र बुजवणे आणि अस्थिसाखळी पुन्हा जुळवणे या शस्त्रक्रियेला टिम्पनोप्लास्टी म्हणतात. ती १९५० च्या दशकात वुलस्टाइन आणि झ्योलनर या जर्मन शल्यविशारदांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. कानशिलावरील स्नायूचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ पडद्याला लावणे ही आजची सर्वसामान्य पद्धत आहे. हाड सडलेले असल्यास मॅस्टॉइड कोरून स्वच्छ करावे लागते. रिकीब घट्ट बसून बहिरेपणा आल्यास ती काढून कृत्रिम दांडी बसवतात. ही शस्त्रक्रिया जॉन शे यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत प्रथम केली. जन्मतः बहिऱ्या बालकांत कॉक्लिअर इम्प्लांट बसवताना शल्यविशारद मॅस्टॉइडमधून मध्यकर्णात जाण्यासाठी जी चिंचोळी वाट कोरतो, तिच्या एका कडेला चेहऱ्याचा मज्जातंतू आणि दुसऱ्या कडेला कोर्डा टिम्पनी असते.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत हा तंतू वाटेत येतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाता येत नाही. कधी तो बाजूला सारावा लागतो, कधी ताणावा लागतो, कधी सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली तो कोरडा पडतो. कोलेस्टिॲटोमा समूळ काढायचा तर कधी तो जाणीवपूर्वक कापावा लागतो. रोग मागे ठेवून तंतू वाचवण्यात शहाणपण नसते, याबद्दल शल्यविशारदांत दुमत नाही. भारतात पडद्याच्या पुष्कळ शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून केल्या जातात. अशा वेळी तंतूला धक्का लागला की टेबलावरचा रुग्णच 'जिभेला मुंग्या आल्या', 'तोंडात लोखंडासारखी चव आली' असे सांगतो.

पूर्ण कापलेल्या तंतूपेक्षा ताणलेला तंतू अधिक त्रास देतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कापलेला तंतू गप्प होतो. जखमी तंतू चुकीचे संदेश पाठवत राहतो. तसेच वर्षानुवर्षे कान वाहणाऱ्या रुग्णांपेक्षा रिकिबीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण चवीबद्दल अधिक तक्रार करतात. पहिल्या गटात तंतू आधीच क्षीण झालेला असतो, त्यामुळे गमावण्यासारखे थोडेच उरलेले असते. दुसऱ्या गटात तो निरोगी असतो आणि बदल एका दिवसात होतो.

बहुतेकांच्या तक्रारी काही महिन्यांत, साधारणतः ३ ते १२ महिन्यांत, ओसरतात. तंतू पुन्हा वाढू शकतो. दुसऱ्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेसाठी कान उघडला असता, पहिल्या वेळी कापलेला तंतू काही रुग्णांत पुन्हा जुळलेला आढळला आहे. मुलांमध्ये ही क्षमता प्रौढांपेक्षा अधिक असते. रुचिकलिकांतील पेशी सुमारे दहा-बारा दिवसांत बदलत असतात, परंतु त्यांचे नूतनीकरण मज्जातंतूवर अवलंबून असते. तंतू नाहीसा झाला की जिभेवरील लालसर ठिपक्यांसारखे अंकुर खुरटतात आणि तो पोहोचला की काही प्रमाणात पुन्हा डोके वर काढतात.

खरी काळजी दुसऱ्या कानाच्या वेळी घ्यावी लागते. दोन्ही बाजूंचे तंतू गमावले तर जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि लाळेचा मोठा भाग कायमचा जाऊ शकतो. पहिल्या शस्त्रक्रियेत तंतूचे काय झाले याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असणे आणि ती कागदपत्रे रुग्णाने जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. या तंतूचा एक उलटा उपयोगही झालेला आहे: मेंदूच्या पक्षाघातामुळे सतत लाळ गळणाऱ्या मुलांत लाळ कमी करण्यासाठी तो कानातून मुद्दाम कापण्याची शस्त्रक्रिया केली जात असे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रात ऐकू येण्याबद्दल, चक्कर येण्याबद्दल आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूबद्दल लिहिलेले असते. चवीबद्दलची ओळ तेथे असायला हवी आणि ती रुग्णाला समजेल अशा मराठीत असायला हवी. खाणावळीतील आचारी, मिठाई करणारा कारागीर किंवा चहाची पारख करणारा माणूस यांच्या दृष्टीने काही महिने चव बिघडणे ही किरकोळ बाब नाही. ज्या घरात एकच बाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, तेथे तिच्या बदललेल्या जिभेने घरभराच्या आहारातील मीठ वाढते आणि त्यात कोणी रक्तदाबाचा रुग्ण असेल तर ते बाधू शकते.

औद्योगिक वसाहतीतील कामगार

कोल्हापूर जिल्ह्यात ओतकामाचा आणि यंत्रभागांचा मोठा व्यवसाय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील जुन्या औद्योगिक वसाहतींनंतर कागल व हातकणंगले या तालुक्यांच्या हद्दीत कागल पंचतारांकित एमआयडीसी उभी राहिली. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या कागलजवळील आणि कर्नाटकाच्या सीमेपासून जवळ असलेल्या या वसाहतीत फाउंड्री, यंत्रशाळा आणि वस्त्रोद्योग यांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी कानाचे दोन अगदी भिन्न धोके एकत्र येतात आणि त्यांची गल्लत केली जाते.

पहिला धोका आवाजाचा. फेटलिंग, ग्राइंडिंग, शॉट ब्लास्टिंग आणि पत्र्यावरील ठोकाठोक यांचा आवाज अंतर्कर्णातील संवेदक पेशींना मारतो. हे नुकसान कायमचे असते, पण त्याचा चवीशी संबंध नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील अधिसूचित रोगांत समाविष्ट करण्यात आला. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा भारतात सर्वसाधारणपणे धरली जाते.

दुसरा धोका ठिणगीचा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. डोक्याच्या वर किंवा अडचणीच्या जागी वेल्डिंग करताना तप्त स्लॅगचा कण कानाच्या नळीत पडतो आणि पडदा जाळतो. कामगाराला चटका बसतो, क्षणभर 'चर्र' असा आवाज येतो आणि मग कान वाहू लागतो. मार लागून फाटलेला पडदा पुष्कळदा आपोआप भरतो. जळालेल्या पडद्याच्या कडा मात्र मृत झालेल्या असतात, त्यामुळे असे छिद्र सहसा लवकर भरत नाही आणि शस्त्रक्रिया करूनही काही वेळा पुन्हा उघडते. कण आतपर्यंत गेला तर अस्थिका, कोर्डा टिम्पनी आणि क्वचित चेहऱ्याचा मज्जातंतूही भाजतो. वेल्डिंगचा मुखवटा डोळे व चेहरा झाकतो, कान उघडे राहतात. ज्वालारोधक टोपी किंवा कानावरील आवरण एवढ्यानेही हा अपघात टळू शकतो.

कान वाहत असलेल्या कामगाराने आवाजापासून संरक्षणासाठी फोमच्या गोळ्या कानात घालणे योग्य नाही, कारण त्यामुळे स्राव आतच कोंडतो. त्याच्यासाठी कानाबाहेरून बसणारे मफ अधिक बरे. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर कधी परतावे, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. भट्टीजवळचा घाम, धूळ आणि जड ओझे उचलताना लागणारा जोर या तिन्ही गोष्टी ताज्या ठिगळाला मानवत नाहीत.

मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या पात्र कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली उपचार आणि आजारपणाच्या काळातील रोख लाभ मिळतो; कंत्राटी कामगारही त्यास पात्र असतात. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वसाधारण रुग्णालय जिल्ह्यातील रुग्णांसाठी उपलब्ध आहे. श्रवणदोषांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

तपासणी

चवीची तपासणी सोपी असली तरी ती नीट करावी लागते. गोड, आंबट, खारट आणि कडू द्रावणांत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या जिभेच्या एकेका बाजूला ठेवून रुग्णाला चव ओळखायला सांगतात. पट्टी ठेवलेली असताना जीभ बाहेरच ठेवावी लागते. ती आत घेतली की द्रावण सर्वत्र पसरते आणि निरोगी बाजू उत्तर देऊन मोकळी होते. दोन पट्ट्यांच्या दरम्यान साध्या पाण्याने चूळ भरावी लागते. विद्युत रुचिमापक हे उपकरण जिभेवर अत्यल्प प्रवाह सोडते. तो ज्या पातळीवर आंबट किंवा धातूसारखा जाणवतो, ती त्या जागेची मर्यादा मानतात. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही बाजूंची अशी नोंद केलेली असली, तरच नंतरचा बदल रोगाचा, शस्त्रक्रियेचा की औषधांचा हे सांगता येते. मेट्रोनिडॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या जंतुनाशकांनीही तोंडात धातूची चव येते आणि ती औषध थांबवल्यावर जाते.

चव परत आणणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. तोंड ओले राहण्यासाठी थोडे थोडे पाणी पिणे, दातांची निगा राखणे (लाळ कमी झाली की दात लवकर किडतात) आणि बेचवपणावर उपाय म्हणून मीठ-साखर न वाढवता लिंबू, कोथिंबीर, जिरे, आले अशा गंधयुक्त पदार्थांचा आधार घेणे, एवढेच सामान्यतः सुचवले जाते.

अभ्यासाचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कान वाहण्याच्या विकारांचा समावेश आहे. कोर्डा टिम्पनीचे वर्णन सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्यो यांनी केले. ज्या हाडाच्या नळीतून चेहऱ्याचा मज्जातंतू जातो, तिलाही त्यांचेच नाव आहे. या तंतूचे कार्य काय, हा वाद पुढे तीन शतके चालला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८४३ मध्ये आपला पहिला शोधनिबंध याच तंतूवर लिहिला. त्यानंतरच्या काळात प्राण्यांवरील प्रयोग आणि चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या रुग्णांची निरीक्षणे यांतून त्याचा चवीशी आणि लाळेशी असलेला संबंध निश्चित झाला. मानवी तंतूतून जाणारे चवीचे विद्युत संदेश प्रत्यक्ष नोंदवले गेले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तेही कानाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच, कारण जिवंत माणसाचा रुचितंतू इतक्या उघड्यावर हाती लागणारी दुसरी जागा शरीरात जवळजवळ नाही.